इंग्लिशटाऊनचा रेसवे पार्क: कोणाकोणाला आठवतोय?

रूट नाइन

न्यू जर्सीत राहिलेल्या आणि अजून राहणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, ओल्ड ब्रिज, मार्लबोरो या पट्ट्यातला प्रत्येक मराठी माणूस कधी ना कधी इंग्लिशटाऊनला ड्रॅग रेस बघायला गेलाच असणार, असं मला उगाच वाटत आलंय. इथे ओक ट्री रोडच्या देशी दुकानांवर ढिगाने धागे आहेत, गणपतीच्या वर्गणीवरून भांडणारेही आहेत, पण रेसवे पार्कबद्दल एकही सापडला नाही. म्हणजे आपली माणसं तिथे जात नव्हती, किंवा जाऊन आल्याचं कोणाला सांगत नव्हती. मला दुसरंच खरं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नाव इंग्लिशटाऊनचं, जागा मात्र ओल्ड ब्रिज टाऊनशिपच्या हद्दीतली. नॅप बंधूंनी 1965 मध्ये शेतजमिनीवर ही धावपट्टी सुरू केली. सरळ पट्टी, दोन लेन, पाव मैल म्हणजे 1320 फूट. मध्ये खांबावर दिवे, त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. पिवळे लागतात, मग हिरवा, की दोन्ही गाड्या सुटल्या. हिरव्याच्या आधी हललात तर लाल, खेळ खलास.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलो, वायटूकेच्या लाटेत. एडिसनमध्ये एका अपार्टमेंटात आम्ही चौघं. त्यातला एक कोल्हापूरचा, त्याला गाड्यांचं वेड. एका रविवारी तो आम्हाला ओढून घेऊन गेला. डब्यात पोळीभाजीचे रोल, अंगात ऑफिसचा मोफत मिळालेला टीशर्ट. पार्किंगमधून चालत येतानाच एक आवाज झाला आणि आमच्यातला एकजण चक्क खाली वाकला. आवाज कानाला नंतर लागतो, आधी छातीच्या पिंजऱ्यात बसतो. हे मी मित्रांना आजवर कितीदा सांगितलंय, कोणालाही पटत नाही. व्हिडिओत तर त्यातलं काहीच येत नाही.

कोण जिंकलं ते आता विचाराल तर एक नाव धड सांगता येणार नाही. मला आठवतो तो पिट, म्हणजे संघ आपापल्या गाड्या खोलतात-जोडतात ती जागा. या खेळाची रीत अशी की साध्यातलं साधं तिकीट काढलं तरी पिटमध्ये फिरायची मुभा. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे चार हातांवर आख्खं इंजिन उघडून ठेवलेलं. एक फेरी झाली की टॉप फ्युएलवाल्यांचा, म्हणजे सगळ्यात वेगवान गाड्यांच्या वर्गातला, संघ तासाभरात इंजिन खोलतो, हेड काढतो, पिस्टन तपासतो, क्लच बदलतो आणि पुन्हा जोडतो. कोणी ओरडत नाही, कोणाला काही विचारावं लागत नाही. आम्ही दिवसभर एका मोठ्या बँकेच्या कोबोल प्रोग्राममध्ये दोनाच्या जागी चार आकडे घालत बसायचो आणि त्यासाठी आठवड्यातून तीन मीटिंगा व्हायच्या. त्या पोरांकडे बघताना पोटात काहीतरी व्हायचं. हेवा म्हणा.

जोडून झालं की तिथेच इंजिन चालू करून बघतात. नायट्रोमिथेनचा, म्हणजे या गाड्यांच्या इंधनाचा, धूर डोळ्यांत गेला की घळाघळा पाणी. घसा बंद. संघवाले गॅस मास्क लावून, आणि बघे डोळे पुसत, खोकत, पण हलत कोणीच नाही! एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर नातू, त्याच्या कानांवर डोक्यापेक्षा मोठे हेडफोन.

जानेवारी 2018 मध्ये बातमी आली की ड्रॅग रेसिंग बंद. मोटोक्रॉस, कार्टिंग वगैरे राहिलं, पण पट्टी गेली. तेव्हा मी टेक्सासला येऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

तर लिहा. कोणी काय बघितलं, कोणाबरोबर गेलात, काय खाल्लंत, सगळं चालेल.

पिठलंभात

रेडिओवरची जाहिरात कशी विसरलास रे! ‘रेसवेऽऽऽ पाऽऽर्क!’ आमच्या धाकट्याचे पहिले स्पष्ट शब्द ‘आई’, ‘बाबा’ आणि तिसरा हा. सासूबाई आल्या होत्या, त्यांना वाटलं पोराला काही झालंय.

बाकी लेख झकास. पुढील लेखनास शुभेच्छा.

जर्सीकर आबा

सहसा मी इथे फक्त वाचतो. पण या विषयावर गप्प बसवेना.

मी 1974 साली आलो. व्हीजेटीआयचा मेकॅनिकल, त्यामुळे माझं जाणं शिक्षणाला धरूनच होतं असं मी घरी सांगायचो. माझी पहिली गाडी प्लिमथ डस्टर, जुनी, दारं गंजलेली. रेसवे पार्कच्या पार्किंगात ती लावली की लोक आदराने बघायचे, कारण तसल्याच गाड्या आत धावत होत्या.

त्या काळात फनी कारचा (वरून साध्या गाडीसारखं कवच, आत नायट्रोचं इंजिन) बादशहा ‘जंगल जिम’ लिबरमन. शर्यतीआधी तो टायर तापवायला जो बर्नआऊट करायचा, तो अर्ध्या पट्टीपर्यंत जायचा. मग गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये, सुसाट आणायचा, धुरात काही दिसत नसताना. त्याची मैत्रीण ‘जंगल पॅम’ हातवारे करून त्याला रेषेवर घ्यायची, आणि निम्मा पुरुषवर्ग कोणाकडे बघत असायचा ते मी इथे लिहीत नाही. 1975 ची समरनॅशनल्स त्याने इंग्लिशटाऊनलाच जिंकली. एवढा लोकप्रिय माणूस, पण एनएचआरएची (ड्रॅग रेसिंगची मुख्य संघटना) राष्ट्रीय स्पर्धा त्याने आयुष्यात तेवढी एकच जिंकली. पुढे दोनच वर्षांत तो रस्त्यावरच्या अपघातात गेला.

1977 च्या सप्टेंबरात त्याच जागी ग्रेटफुल डेड या रॉक बँडची मैफल झाली. लाखाच्या वर माणूस. आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही फ्रीहोल्डला एका मित्राकडे सत्यनारायणाला निघालो होतो. रूट नाइन आणि आजूबाजूचे सगळे रस्ते तुंबलेले, लोक गाड्या सोडून चालत निघालेले. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रसाद संपत आला होता.

आणि आता मुख्य. 1986, डॉन गार्लिट्स. ‘बिग डॅडी’. आधी हे सांगतो: 1970 पर्यंत ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे शर्यतीच्या त्या लांब, बारीक गाडीत, इंजिन पुढे आणि माणूस मागे, जवळजवळ मागच्या चाकांच्या मध्ये बसलेला असायचा. मार्च 1970 मध्ये कॅलिफोर्नियात गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन मागे ठेवायची गाडी आखली. कल्पना त्याच्या आधीही होती, पण ती चालवून, जिंकून दाखवली त्याने. पुढच्या काही वर्षांत पुढच्या इंजिनाची गाडी टॉप फ्युएलमधून हद्दपार झाली. मेकॅनिकलच्या माणसाला याहून मोठं काय लागतं?

तर 1986 ला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हा गृहस्थ इंग्लिशटाऊनला धावतोय. गाडी सुटली, नाक उठलं, आणि उठतच गेलं. गाडी मागच्या चाकांवर सरळ उभी. वाऱ्याने तिला तिथल्या तिथे गर्रकन फिरवलं आणि ती पुन्हा चाकांवर आपटली ती तोंड सुरुवातीच्या रेषेकडे करून. माझ्या शेजारचा इटालियन म्हातारा माझा दंड धरून उभा होता, मी त्याचा. गार्लिट्स उतरला, चालत आला. तो इटालियन कोण, कुठला, आजतागायत ठाऊक नाही.

केशरबर्फी

आबा, काय लिहिलंय तुम्ही! अजून लिहा ना.

माझा एक बाळबोध प्रश्न. सगळी मजा चार-पाच सेकंदांची. मग माणसं दिवसभर तिथे करतात काय? आणि वर्षाचे बाकीचे रविवार? नवरा म्हणतो आठवडी रेसला साध्या गाड्याही असायच्या. साधी गाडी पळताना बघण्यात काय आहे?

स्पॅनर

@केशरबर्फी ताई, साध्या गाड्यांची शर्यत हाच खरा खेळ, असं माझं ठाम मत आहे. पण आधी मोठ्या गाड्या.

पेट्रोलचा एक किलो नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, त्यामुळे त्याला 1.7 किलोच पुरते. म्हणजे इंजिनात जेवढी हवा कोंबता येते, तेवढ्यात आठपटीहून जास्त इंधन जाळता येतं. किलोमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण चौथाई, तरी हिशोब दुपटीच्या वर जातो. 500 घनइंचाचं व्ही-8, वर सुपरचार्जर, टाकीत साधारण 90 टक्के नायट्रो, आणि 11 हजार हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. 0 ते ताशी 100 मैल एका सेकंदाच्या आत. हजार फुटांपर्यंत (मोठ्या गाड्यांची शर्यत आता तेवढीच असते) ताशी 330 मैलांच्या वर वेग, म्हणजे ताशी 530 किलोमीटर. इंजिन एका फेरीत स्वतःला खात असतं: स्पार्क प्लग पट्टीच्या मध्येच जळून जातात आणि पुढे नुसत्या उष्णतेवर स्फोट होत राहतात. रात्रीच्या फेरीत पाइपांतून ज्या ज्वाला दिसतात त्या न जळलेल्या इंधनाच्या, ते बाहेर येऊन हवेत पेटतं. इंजिन उघडणं म्हणूनच भाग असतं.

इंग्लिशटाऊन समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे हवा दाट. गार दिवशी तिथे वेळा चांगल्या यायच्या, संघांना ती पट्टी आवडायची.

आता आठवडी शर्यत. तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. तुमची गाडी पाव मैलाला किती वेळ घेईल ते तुम्हीच सांगायचं आणि बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचं. समजा तुम्ही मिनिव्हॅन घेऊन 17.20 लिहिलंत आणि शेजारी मस्टँगवाल्याने 12.70. तुम्हाला हिरवा साडेचार सेकंद आधी मिळणार. दोघंही बोलल्याप्रमाणे धावले तर शेवटच्या रेषेवर एकदमच पोहोचणार. मग जिंकणार कोण? हिरवा लागल्यावर जो लवकर निघाला तो. आणि बोललेल्या वेळेपेक्षा जोरात गेलात तर बाद! त्यामुळे रेषेजवळ येताना माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, ब्रेकला हळूच पाय लावतो. पैशाने गाडी विकत घेता येते, हे नाही घेता येत. पोस्टात काम करणारा एक साठीचा माणूस जुन्या स्टेशन वॅगनमध्ये यायचा आणि नव्या कॉर्व्हेटवाल्यांना एकामागून एक घरी पाठवायचा. जिंकल्यावरही चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

म्हणून दिवसभर बसायचं.

ओडिसीवाला

स्पॅनरने मिनिव्हॅनचा विषय काढलाच आहे, तर आता लपवून उपयोग नाही.

रेसवे पार्कला ‘स्ट्रीट’ रात्री असायच्या. लायसन्स दाखवा, पैसे भरा, गाडीची तपासणी, आणि जी गाडी असेल ती पट्टीवर. मी होंडा ओडिसी घेऊन गेलो. मागे मुलीची कारसीट, ती काढायला सांगितली. डिकीतला पटेलच्या दुकानातला तांदळाचा वीस पौंडांचा कट्टाही काढायला सांगितला, सुटी वस्तू आत चालत नाही. तो कट्टा मी पिटमध्ये खांबाला टेकवून ठेवला. पायात चपला होत्या, त्या चालणार नाहीत म्हणाले, बंद बूट पाहिजेत. शेजारच्या रांगेतल्या डोमिनिकन मुलाने त्याचे जादा बूट दिले, दोन नंबर मोठे. हेल्मेट लागतं का विचारलं, तर तपासणारा गाडीकडे बघून म्हणाला, 14 सेकंदांच्या आत आलास तर लागेल, तू काळजी करू नको.

रेषेवर उभं राहिल्यावर मात्र हसू पार पळालं. पट्टीवर चिकट रसायन मारलेलं असतं, बूट उचलताना चर्र आवाज येतो. दोन छोटे दिवे लागले, म्हणजे गाडी बरोबर जागी. पिवळा, पिवळा, पिवळा. पाय दाबला. ओडिसीने जे काही होतं ते दिलं. शेजारून सुबारू कधी गेली कळलंही नाही.

परतीच्या रस्त्यावर एक खोका असतो, तिथे टाइम स्लिप देतात. हिरव्यानंतर किती वेळाने हललात, 60 फुटांना किती, 330 ला किती, पाव मैलाला किती, वेग किती, सगळं छापील. मी 17 सेकंदांच्या वर होतो, पण माझा रिअ‍ॅक्शन टाइम सुबारूवाल्यापेक्षा चांगला होता!! ही स्लिप घरी फ्रिजवर लावली. बायकोने विचारलं हे कसलं बिल? मी म्हटलं पार्किंगचं. (तिने हा धागा वाचला तर वाचला, आता मुलगीच गाडी चालवते.)

पिठलंभात

पटेलचा कट्टा खांबाला टेकवून 😂 हसून हसून मेले.

खेडचा गाडा

राम राम मंडळी. मी काही अमेरिकेत आलेलो नाही, खेड तालुक्यात राजगुरुनगरला असतो. भाचा न्यू जर्सीत, त्यानं लिंक पाठवली. वाचून मी तीनदा म्हटलं, हा तर आमचा घाट!

आमच्याकडं जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या भागात बैलगाडा पळतो तो असाच. सरळ चढाचा घाट, खाली गाडा जुंपायचा, वर निशाण. पुढं घोडी, मागं बैल. एका बारीला एकच गाडा, तुमच्यासारख्या जोडीनं नाय पळत, पण भांडण सगळं सेकंदाशी. 11-12 सेकंदांत विषय संपला. पूर्वी स्टॉपवॉचवाला असायचा, त्याच्याभोवती निम्मी यात्रा गोळा व्हायची, आता सेन्सर आलेत. स्पीकरवरचा माणूस ‘भिर्रर्र’ करतो आणि सेकंद पुकारला की टोप्या उडतात, भंडारा उडतो. आणि आदल्या रात्रीपासून जो तो बैलांच्या मागं. खुराक, अंघोळ, मालिश. तुम्ही त्या पिटचं लिहिलंय ना, दोरीपलीकडं उभं राहून बघणं, तसं आम्ही दुसऱ्याच्या बैलाकडं बघतो. हात लावायचा नाय, पण बघायचं मन भरून.

2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी आणली. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत घाटावर गवत वाढलं होतं. पोरं म्हणायची गोठ्यातला खोंड विकून टाका, कशाला पोसायचा. माझ्या चुलत्यानं विकला नाही. ‘नुसता उभा राहिला तरी दावणीला शोभा’ म्हणायचा. बैलाला मारायचं नाही, काठी-चाबूक नाही, हे आता नियमात आहे आणि ते बरोबरच आहे; पूर्वी काही ठिकाणी जे चालायचं ते मी बघितलंय, त्याचं समर्थन नाय.

तुमची पट्टी बंद झाली ती मात्र परत यायची नाय असं दिसतंय. वाईट वाटलं.

मोगरा

मी रेसवे पार्कला एकदाही गेले नाही, तरी मला लिहायचा हक्क आहे कारण मी त्याच्या आवाजात वीस वर्षं राहिले. मार्लबोरोच्या हद्दीवर घर. घर दाखवणाऱ्या बाईने मंगळवारी दुपारी दाखवलं, तेव्हा सगळं शांत. पहिल्या शनिवारी मी चहा ओतत होते आणि लांबून असा काही फाटल्यासारखा आवाज आला की अर्धा चहा ओट्यावर.

मग सवय झाली. वारा कुठून आहे ते आवाजावरून कळायचं. पट्टी ओली असली की शर्यत होत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शांत असलं की मी दोरीवरचे कपडे आत घ्यायचे. कॉलनीतली काही मंडळी सह्या गोळा करायला यायची. मी सही केली नाही. पट्टी 1965 ची, आमची कॉलनी नंतरची, भांडायचं कोणत्या तोंडाने? पण ज्यांची तान्ही बाळं होती त्यांचाही राग मला समजायचा. तुम्ही सगळे तिकीट काढून दिवसभर ऐकून घरी गेलात हो. आम्हाला तिकिटाविना वर्षभर होतं.

बंद झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र शनिवार कधी आला ते कळायचंच नाही.

साडेनऊ

हे लिहू की नको, बरेच दिवस विचार करत होतो.

21 जून 2008, शनिवार. पात्रता फेऱ्या. मी पट्टीच्या शेवटाकडच्या बाजूला होतो. स्कॉट कॅलिटाची फनी कार. हा साधा माणूस नव्हे, 1994 आणि 1995 चा टॉप फ्युएल विजेता, जुना ड्रॅग रेसर कॉनी कॅलिटाचा मुलगा. शेवटच्या रेषेजवळ इंजिन फुटलं, ज्वाला दिसल्या. त्या आम्ही पूर्वीही बघितल्या होत्या, फनी कारला आग लागते, माणूस उतरतो, हात हलवतो. म्हणून लोक आधी ओरडले, तेही कौतुकाने. पण गाडी हळू होईना. पॅराशूट कामाचे राहिले नव्हते. वेग 300 मैलांच्या आसपास. पट्टीपुढची वाळू ओलांडून ती गेली.

पुढचं मी लिहिणार नाही. तो वाचला नाही.

यानंतर काही दिवसांतच एनएचआरएने टॉप फ्युएल आणि फनी कारची शर्यत 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणली, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. तात्पुरतं म्हणाले होते. अजून 1000 च आहे. जुने लोक यावरून कुरकुरतात, पाव मैल म्हणजे पाव मैल, रेकॉर्ड जुळत नाहीत वगैरे. माझ्यासमोर कोणी हा वाद काढला तर मी उठून जातो.

पण मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो होतो. का गेलो ते घरी नीट सांगता आलं नाही.

रूट नाइन

साडेनऊ, लिहिलंत ते बरं केलंत.

या खेळाच्या जन्मातच हा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात पोरं भर रस्त्यावर शर्यती लावायची, माणसं मरायची. 1951 मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए काढली ती त्यांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायला. हेल्मेट, पट्टे, तपासणी, रुग्णवाहिका. त्यामुळे पट्टी बंद झाली की ‘चला, एक धोका गेला’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. धोका रूट 18 वर जातो, रात्री दोन वाजता.

आईची गाडी

इतके प्रतिसाद आले आणि बाई म्हणून फक्त पॅमचा उल्लेख? तोही हातवाऱ्यांसाठी? आबा, तुम्ही ज्येष्ठ म्हणून सोडते.

शर्ली मल्डाउनी. 1977, 1980, 1982, तीनदा टॉप फ्युएलची विजेती, त्या प्रकारातली पहिली बाई. एन्जेल सॅम्पी, मोटरसायकलवर 2000 पासून सलग तीन वर्षं. जॉन फोर्स सोळा वेळा विजेता असेल, पण 2008 मध्ये अटलांटाला फनी कारच्या अंतिम फेरीत त्याला हरवलं कोणी? त्याच्याच मुलीने, अ‍ॅशलीने. दुसरी मुलगी ब्रिटनी 2017 आणि 2022 ला टॉप फ्युएल जिंकली. वजनाची, ताकदीची वेगळी वर्गवारी नाही, बायकांची वेगळी शर्यत नाही. हिरवा लागला की लागला. माझ्या मुलीला हे फार लवकर कळलं.

ती ज्युनिअर ड्रॅगस्टर चालवायची. लहान मुलांची अर्ध्या मापाची गाडी, अंतरही निम्मं किंवा त्याहून कमी. ही कल्पना मुळात रेसवे पार्कच्याच व्हिन्सेंट नॅपची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुढे एनएचआरएने ती देशभर नेली. आमच्या घरी भरतनाट्यम सोडून हे सुरू केल्यावर जे रामायण झालं ते झालं. माझी आई पुण्याहून आली होती, तिने गाडी बघितली, पट्टे ओढून बघितले, पाचही. म्हणाली, ‘स्कूटरवर तू हिला पुढे उभी करून नेतेस त्यापेक्षा हे बरं आहे.’

पिटमध्ये आमच्या बाजूचे लोक प्लंबर, ट्रक ड्रायव्हर, एक शाळेची मुख्याध्यापिका. बेल्ट तुटला तर शेजारचा आपला देऊन टाकायचा आणि पुढच्याच फेरीत त्याच्याच मुलाविरुद्ध आमची पोरगी. अँट्रॉन ब्राऊन न्यू जर्सीचाच, टॉप फ्युएलचा पहिला कृष्णवर्णीय विजेता, 2012. तो आला की ज्युनिअरच्या पोरांशी गुडघ्यावर बसून बोलायचा. मुलीला त्याने काय सांगितलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. तिचं म्हणणं, ते ड्रायव्हर लोकांचं आपसातलं आहे.

टाळकुटे

अवांतर: भारतात हे बघायचं असेल तर आपल्या लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने ड्रॅग व्हायची, मी बघितली आहे. लॅम्बोर्गिनीसाठी गर्दी, पण टाळ्या सगळ्यात जास्त पडल्या त्या जुन्या आरएक्स-100 ला. दोन स्ट्रोकचा तो धूर नाकात गेला आणि माझ्या शेजारचा पन्नाशीचा गृहस्थ अक्षरशः डोळे मिटून उभा राहिला. पिटमध्ये फिरता येत नव्हतं मात्र. इथलं वाचून कळलं की काय हुकलं.

केशरबर्फी

धागा वाचून नवऱ्याने एकदम जाहीर केलंय की जायचंच. पण आता जवळपास राहिलंय काय? इंग्लिशटाऊनच्या पट्टीवर म्हणे लिलावाच्या गाड्या रांगेने उभ्या असतात.

स्पॅनर

दक्षिण जर्सीतलं अ‍ॅटकोही 2023 मध्ये बंद झालं, 1960 पासूनचं. उत्तरेला ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे चालू आहे. छोटं, घरगुती, ब्रॅकेट रेसिंग बघायला उत्तम. नायट्रो बघायचं तर पेनसिल्व्हेनियात रीडिंगजवळ मेपल ग्रोव्ह, एनएचआरएची फेरी तिथे सप्टेंबरात असते. एडिसनहून दोन-सव्वादोन तास.

मुलं बरोबर असतील तर कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. एकाने भागत नाही. पिटमध्ये इंजिन चालू करणार असं दिसलं की वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा. पांढरे कपडे नकोत, रबराचे कण उडतात.

आईची गाडी

शनिवारी जा. रात्रीची फेरी शक्यतो शुक्रवारी असते, ती जमली तर सोन्याहून पिवळं, ज्वाला तेव्हाच दिसतात. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शनिवार. रविवारी हरलेले संघ दुपारीच तंबू गुंडाळतात, पिट अर्धा रिकामा.

जर्सीकर आबा

कोणी जाणार असाल तर माझ्यासाठी गाडीत एक जागा ठेवा. मी आता लांबचं चालवत नाही. घडीची खुर्ची माझी मी आणेन. आईची गाडी, शर्लीताईंचा उल्लेख राहिला तो माझ्याकडून मुद्दाम नव्हे. त्यांच्याबद्दल गाडीत दोन तास बोलेन.

ओडिसीवाला

आबा, सीट पक्की. सात माणसं बसतात. बुटाचा नंबर सांगून ठेवा.